शुद्धिपत्र

भांडुपला, सहाव्या मजल्यावर,
जेवायच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात
मी लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करते,
पानामागे बारा रुपये.
टेबलाखाली दोन माणसं
माझ्या भाषेची वाट लावत असतात,
फुकट.

मोठी साडेतीन वर्षांची. शाल्मली.
हौसेनं ठेवलेलं नाव.
धाकट्याच्या तोंडात ते मावेना,
त्यानं जोडाक्षर फोडलं, मधला तुकडा खाल्ला,
उरली माली.
तो स्वतः कैवल्य.
पण क अजून त्याच्याकडे पोचलेला नाही,
म्हणून सध्या तैवय.
मोक्षाचं काय, मिळेल सवडीनं.

खिडकीच्या जाळीवर कावळा बसतो.
"तावया!"
बाबा लाडात येऊन म्हणतो, "हो रे, तावया."
की हा संतापलाच, पाय आपटत:
"तावया नाई! ता-व-या!"
म्हणजे कानात क आहे, शाबूत आहे,
जिभेपर्यंतचा रस्ता तेवढा खोदून ठेवलाय,
आपल्या एलबीएस रोडसारखा.

पहिलं अख्खं वाक्य तो मराठीत बोललाच नाही.
ते त्याला लिफ्टमधल्या बाईनं शिकवलं:
"तुप्या दलवादा बन तले."
आता तो हे फ्रिजला सांगतो,
लाडवाच्या उघड्या डब्याला सांगतो,
बाबाच्या जांभईला सांगतो.
परवा चंद्राबाई दारात पाटी उतरवून
पापलेटचे कल्ले उघडून दाखवत होती,
बघ ताई, लालभडक, सकाळचं आहे,
तर यानं गुडघ्यावर हात ठेवून, वाकून
त्या मेलेल्या माशाला विनंती केली.
चंद्राबाई हसता हसता खाली बसली.
दोन बोंबील वर टाकले, भाव न करता.

माली त्याची दुभाषी.
तो नुसतं "बॉ" म्हणतो,
ती सांगते, "तो म्हणतोय, आम्हा दोघांना बिस्किट दे,
क्रीमवालं."

तिचं व्याकरण कडक.
पडला, बसला, तसंच करला,
तसंच बाबा ऑफिसातून येला.
नियम म्हणजे नियम,
आमच्या अपवादांना ती भीक घालत नाही.
आणि जे आज नाही ते सगळं काल:
"काल आपण मामाकडे जाणार आहे."
मी कॅलेंडर दाखवलं. तिनं त्यावर हत्ती काढला.

हा बोलायला शिकला तिच्याकडून,
माझ्याकडून नाही, बाबाकडून तर नाहीच.
म्हणून "मी आली."
"मी जेवली."
आंघोळ टाळून, चड्डीशिवाय घरभर,
"मी पयाली! मी पयाली!"

समोरचे पेडणेकर म्हणाले,
"अहो, मुलगा ना तो? आत्ताच वळण लावा,
पुढे शाळेत हसतील."
हो म्हटलं.
लाल पेन हातातच होतं.
टोपण काही काढवलं नाही.

मग रविवारी तो बाबाबरोबर खाली गेला,
दुधाची पिशवी स्वतः धरायची म्हणून रडून,
आणि परतला तो छातीशी कवटाळून,
धापा टाकत,
उंबऱ्यात उभा राहून म्हणाला,
"मी आलो."

कुकरसुद्धा गप्प झाला असावा.
बाबानं भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं.
मला आनंद व्हायला हवा होता.
होत होता, पण मध्येच कुठेतरी अडकला.

माली उठली. कमरेवर हात.
"आलो नाही. आली.
आली म्हण."

त्यानं तिच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं,
काही न बोलता मागे वळला,
बाहेर गेला, लिफ्टच्या दारापर्यंत,
तिथून पुन्हा चालत आला,
"मी आली."
ती म्हणाली, "हां."

खोडलेला शब्द तसाच राहू द्यायचा असेल
तर आमच्या धंद्यात त्याच्याखाली टिंबं देतात.
पिशवी एका टोकाला फुटली होती.
लिफ्टपासून आतपर्यंत, त्याच्या पावलांखाली,
पांढरे थेंब, एका ओळीत.
मुंग्या येतील हे माहीत होतं.
तरी लगेच पुसले नाहीत.